दुर्मीळ कोणासाठी?

वैद्यकाच्या ग्रंथांत काही आजारांच्या नावापुढे 'दुर्मीळ' हे विशेषण लावलेले असते. ते वाचले की राज्यकर्त्यांना हायसे वाटते. दुर्मीळ म्हणजे थोड्यांचा आजार, आणि थोड्यांचा आजार म्हणजे ज्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करण्याचे कारण नाही असा आजार, हे समीकरण सरकारी कचेऱ्यांत फार पूर्वीच रूढ झाले आहे. ज्या बालकांची प्रतिकारशक्ती ढासळली आहे त्यांच्या मेंदूत विषाणूमुळे वाढणाऱ्या गाठी याच सदरात जमा होतात. त्यांची संख्या थोडी आहे, हे खरे. परंतु ती कोठे थोडी आहे, केव्हापासून थोडी झाली आणि कशामुळे झाली, हे तीन प्रश्न विचारले की 'दुर्मीळ' या शब्दामागचे राजकारण उघडे पडते. या आजाराची दुर्मिळता निसर्गाने बहाल केलेली नाही. काही देशांत ती औषधाने निर्माण केली. काही देशांत ती केवळ निदानाच्या अभावातून दिसते.

विषाणू सर्वांचा, गाठ काहींची

या गाठींच्या मुळाशी असणारा प्रमुख विषाणू म्हणजे एपस्टाईन-बार. १९५८ साली डेनिस बर्किट या शल्यविशारदाने युगांडातील मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन केले. कंपालाहून विमानाने लंडनला पाठविलेल्या त्या गाठींच्या नमुन्यांतून अँथनी एपस्टाईन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी १९६४ साली हा विषाणू शोधून काढला. माणसाला कर्करोग होण्यात ज्याचा हात असल्याचे आढळले, असा हा पहिला विषाणू. गरीब आफ्रिकी मुलांच्या देहातून विज्ञानाला मिळालेल्या या ज्ञानाला साठ वर्षे उलटून गेली, तरी या विषाणूविरुद्ध वापरासाठी मंजूर झालेली एकही लस आज जगात नाही. श्रीमंत देशांतील प्रौढांना ग्रासणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जाविकाराशी त्याचा घनिष्ठ संबंध २०२२ साली प्रकाशित झाला, तेव्हा लशीच्या चर्चेला नवा जोर आला. युगांडाच्या मुलांचे जबडे त्या जोराला पुरेसे नव्हते, एवढे यातून दिसते.

हा विषाणू जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात वास करतो. लहानपणी लाळेवाटे तो शिरतो आणि रक्तातील बी-पेशींमध्ये जन्मभर दडून बसतो. निरोगी माणसात टी-पेशींचा पहारा अखंड चालू असतो. विषाणूने पछाडलेली पेशी बेसुमार वाढू लागली की हा पहारा तिला गारद करतो. पहारा उठला की मात्र त्या पेशींना मोकळे रान मिळते. मेंदूवर हा पहारा एरवीही शरीराच्या इतर भागांहून विरळ असतो. म्हणून तेथे लिम्फोमा जातीची गाठ मूळ धरते. क्वचित मेंदूच्या आवरणाशी किंवा मणक्यात अनैच्छिक स्नायूंच्या पेशींपासून बनलेली निराळीच गाठ उद्भवते. तात्पर्य असे की विषाणू जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. गाठ मात्र ज्याचा पहारा उठला आहे त्याच्याच वाट्याला येते. म्हणूनच पहारा कोणी उठविला आणि तो पुन्हा उभा करणे शक्य असताना कोणी केला नाही, हाच या आजाराचा खरा प्रश्न आहे.

पहारा उठण्याची कारणे अनेक आहेत. काही मुले जन्मतःच सदोष प्रतिकारशक्ती घेऊन येतात. काहींना दुसऱ्याचे मूत्रपिंड किंवा यकृत बसविलेले असते आणि ते शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतात. परंतु जगाच्या पाठीवर मुलांची प्रतिकारशक्ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर ज्याने हिरावून घेतली तो एच. आय. व्ही. होय. आईकडून बाळाकडे जाणारा हा संसर्ग टाळता येतो, आणि टळला नाही तरी औषधाने काबूत ठेवता येतो.

एक मूल आणि लक्षावधी मुले

अमेरिकेत टेक्सास राज्यात १९७१ साली डेव्हिड व्हेटर नावाचा मुलगा प्रतिकारशक्तीवाचून जन्मला. त्याला बारा वर्षे निर्जंतुक प्लॅस्टिकच्या आवरणात वाढविण्यात आले. त्याला बाहेर चार पावले टाकता यावीत म्हणून अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने १९७७ साली खास पोशाख बनविला. १९८३ च्या ऑक्टोबरात त्याला बहिणीचा अस्थिमज्जा देण्यात आला. त्या मज्जेत एपस्टाईन-बार विषाणू दडलेला होता. डेव्हिडच्या शरीरात त्याला अडविणारे कोणी नव्हते. विषाणूने लिम्फोमा निर्माण केला आणि २२ फेब्रुवारी १९८४ रोजी मुलगा मरण पावला. या मृत्यूने विज्ञानाला पुष्कळ शिकविले. त्या मुलासाठी झालेल्या खर्चाचा किंवा कष्टांचा हेवा कोणी करू नये. एका मुलाच्या जिवासाठी अंतराळ संस्था कामाला लागते, ही मानवतेची शोभाच आहे. लाज आहे ती पुढच्या वीस वर्षांच्या इतिहासाची. ज्या काळात लक्षावधी मुलांचा पहारा उठत होता, त्या काळात त्यांना पोशाख नको होता, प्लॅस्टिकचे घरही नको होते. रोजच्या काही गोळ्या हव्या होत्या. आणि नेमक्या त्याच त्यांना नाकारण्यात आल्या.

१९९५ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. एकात एड्सग्रस्त मुलांतील, तर दुसऱ्यात अवयवारोपणानंतरच्या स्नायुजन्य गाठींमध्ये एपस्टाईन-बार विषाणू सापडल्याचे दाखविले होते. एड्समुळे होणाऱ्या मेंदूच्या लिम्फोमातही तो जवळपास प्रत्येक वेळी सापडतो, हे तोवर स्पष्ट झाले होते. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत प्रचारात आली आणि श्रीमंत देशांतील एड्सच्या वॉर्डांचे चित्र पालटले. मेंदूच्या लिम्फोमाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. गाठीवर कोणताही नवा जालीम इलाज सापडलेला नव्हता. पहारा पुन्हा उभा राहिला, एवढेच. गाठ दुर्मीळ झाली ती अशी.

किंमत कोणी ठरविली?

त्या औषधांची किंमत वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होती. एवढी किंमत संशोधनाचा खर्च भरून काढण्यासाठी अपरिहार्य असते, असे मक्तेदार कंपन्यांचे भाट आजही सांगतात. या युक्तिवादाची पहिल्याच औषधापाशी कसोटी पाहावी. ए. झेड. टी. हे रसायन १९६४ साली जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगावरील सरकारी अनुदानातून तयार केले. एच. आय. व्ही.वर ते गुणकारी आहे हे दाखविण्यातही अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. १९८७ साली ते बाजारात आले तेव्हा एकस्व मात्र खासगी कंपनीचे, आणि किंमत वर्षाला आठ हजार डॉलरांच्या घरात. जनतेच्या पैशातून ज्ञान निर्माण करावयाचे आणि त्याच्यावर खासगी कुंपण घालावयाचे, हा या व्यवहाराचा सारांश आहे.

हे कुंपण फोडले ते भारतात तयार झालेल्या औषधाने. त्यामागे एक कायदा उभा होता, हे विसरता कामा नये. अय्यंगार समितीच्या १९५९ च्या अहवालातून स्फूर्ती घेऊन संसदेने १९७० साली एकस्वाचा नवा कायदा केला आणि औषधी पदार्थावरील एकस्व रद्द केले. एकस्व उरले ते केवळ निर्मितीच्या प्रक्रियेवर. त्याच्याही आधी, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला होता. या धोरणाच्या आधाराने जो देशी औषधउद्योग वाढला, त्याच्यातील मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ च्या फेब्रुवारीत तिन्ही औषधे एम. एस. एफ. या वैद्यकीय सेवा-संघटनेला वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला सुमारे एका डॉलरात, देऊ केली. दहा हजारांचे साडेतीनशे झाले. मधली रक्कम संशोधनाची नव्हती, मक्तेदारीची होती, हे सिद्ध करायला याहून निराळा पुरावा नको.

त्याच सुमारास ३९ औषधकंपन्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला न्यायालयात खेचून बसल्या होत्या. स्वस्त औषधांची वाट मोकळी करणारा कायदा त्या देशाने १९९७ साली केला, हा त्याचा अपराध. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या रुग्णांच्या संघटनेने रस्ते दणाणून सोडले, जगभर निषेध झाला, आणि एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांना खटला मागे घ्यावा लागला.

परंतु समाजवादी विचाराच्या माणसाने येथेच थांबून समाधान मानणे हा आत्मवंचनेचा प्रकार होईल. खटला जिंकलेल्या त्याच देशाचे अध्यक्ष थाबो एम्बेकी एच. आय. व्ही.मुळे एड्स होतो यावरच शंका घेत राहिले. ते मुक्तिलढ्यातून आलेल्या पक्षाचे नेते होते. औषधे विषारी आहेत, गरिबी हेच खरे कारण आहे, पाश्चात्त्यांचे विज्ञान आफ्रिकेवर लादले जात आहे, अशी भाषा त्यांच्या राजवटीत बोलली गेली. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणारे नेव्हिरापिन औषध निर्मात्या कंपनीने पाच वर्षे फुकट देऊ केले असताना सरकारने ते प्रत्येक प्रांतातील दोन केंद्रांपुरतेच मर्यादित ठेवले. अखेर रुग्णांच्या संघटनेला आपल्याच सरकारविरुद्ध न्यायालयात जावे लागले, आणि जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने औषध सर्वत्र देण्याचा आदेश दिला. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली मांडलेल्या हिशेबानुसार २००० ते २००५ या काळात औषधयोजना रोखल्यामुळे तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसे मेली आणि सुमारे ३५ हजार बालके संसर्ग घेऊन जन्मली. साम्राज्यवादविरोधाची भाषा ज्यांच्या तोंडी शोभावी त्यांनीच ती बालकांच्या विरोधात वापरली. जगातील अनेक डाव्यांनी त्या वेळी एम्बेकींना सांभाळून घेतले. गरिबी हे रोगाचे कारण आहे, हे म्हणणे खरेच आहे. परंतु गरिबी हटेपर्यंत गोळी देऊ नये, असे त्यातून निघत नाही.

मुलांचा बाजार नसतो

प्रौढांसाठी औषध स्वस्त झाले तरी मुलांची परवड संपली नाही. हिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गर्भारपणी व बाळंतपणात औषध दिल्यास बाळाला होणारा संसर्ग दोन-तृतीयांशाने घटतो, हे १९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील प्रयोगाने दाखविले. त्यानंतर श्रीमंत देशांत संसर्गित बाळे जन्मणे जवळपास थांबले. ही आनंदाचीच गोष्ट. परंतु त्याबरोबर मुलांच्या औषधाचे पैसे मोजणारे गिऱ्हाईकही संपले. उरली ती आफ्रिकेतील आणि आशियातील गरिबांची मुले, आणि त्यांचा बाजार नसतो. वर्षानुवर्षे या बालकांना लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरचे कडू सरबत पाजले गेले. त्यात चाळीस टक्क्यांहून अधिक मद्यार्क होता आणि ते थंड ठिकाणी ठेवावे लागे. ज्या घरात विजेचा दिवा नाही तेथे शीतकपाट कोठून येणार? डोल्युटेग्राव्हिर हे प्रभावी औषध प्रौढांसाठी अमेरिकेत २०१३ साली मंजूर झाले. तान्ह्या मुलांना पाण्यात विरघळवून देता येईल अशी त्याची गोळी मंजूर व्हायला २०२० साल उजाडले. सात वर्षे! असंसर्गित राहिलेल्या मुलाला सात वर्षे म्हणजे पहिलीत जाण्याचे वय. उपचार न मिळालेल्या संसर्गित बाळांपैकी निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. गोळी निघाल्यावर भारतीय कारखान्यांच्या निर्मितीमुळे वर्षाची किंमत १२० डॉलरांच्या खाली आली. म्हणजे अडचण रसायनशास्त्राची नव्हती, इच्छेची होती.

आणि बाळांना लवकर औषध दिल्याने काय होते हेही ठाऊक होते. दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगात, बारा आठवड्यांच्या आतील संसर्गित बाळांना प्रकृती ढासळण्याची वाट न पाहता औषध सुरू केल्यास मृत्यूचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटते, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या एड्स संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ साली जगात पंधरा वर्षांखालील सुमारे चौदा लाख मुले एच. आय. व्ही.सह जगत होती. प्रौढांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिकांना औषध मिळत असताना मुलांपैकी केवळ ५७ टक्क्यांना मिळत होते, आणि त्या एका वर्षात सुमारे ७६ हजार मुले मेली. यांपैकी किती जणांच्या मेंदूत गाठ होती, याची मोजणी कोणी केलेली नाही. मोजायला मेंदूचे चित्रण लागते, गाठीचा तुकडा तपासणारा विकृतिशास्त्रज्ञ लागतो. जेथे मूल निदानाआधीच मरते, तेथे त्याचा आजार दुर्मीळच ठरतो.

'शक्य तोवर'

भारतात एच. आय. व्ही.ग्रस्तांची सर्वाधिक संख्या ज्या राज्यांत आहे त्यांत महाराष्ट्र अग्रभागी आहे. या राज्याला हा प्रश्न परका नाही. केंद्र सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधोपचार सुरू केला आणि २००६ च्या अखेरीस मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आखला. ही चळवळींनी मिळविलेली जमेची बाजू आहे आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु जे चालू झाले ते अखंड चालले का? २०१७ च्या मार्चमध्ये मुलांचे लोपिनाव्हिर सरबत सरकारी केंद्रांतून संपले. ते पुरविणाऱ्या सिप्लाने सरकारी थकबाकीकडे बोट दाखविले. ज्या कंपनीने २००१ साली जगाला स्वस्त औषध दिले, तिच्याच सरबताअभावी या देशातील मुलांच्या वतीने पंतप्रधानांना पत्र लिहिण्याची पाळी आली. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये औषधांच्या तुटवड्याविरुद्ध रुग्णांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कचेरीत महिन्याहून अधिक काळ धरणे धरले. या औषधांत खंड पडणे म्हणजे विषाणूला निर्ढावण्याची संधी देणे आणि उभा राहिलेला पहारा आपल्या हाताने उठविणे होय.

योगायोग असा की सरबत संपले त्याच महिन्यात, मार्च २०१७ मध्ये, राज्यसभेने एच. आय. व्ही. व एड्सविषयक विधेयक संमत केले. एप्रिलमध्ये लोकसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले. भेदभावाला बंदी करणारा हा कायदा स्वागतार्ह होता. मात्र निदान, औषधोपचार आणि संधिसाधू संसर्गांवरील इलाज सरकारने पुरवावेत असे सांगणाऱ्या कलमात 'शक्य तोवर' हे शब्द घातले गेले. रुग्णांच्या संघटनांनी ते काढून टाकण्याची मागणी केली, ती मानली गेली नाही. शेतसारा शक्य तोवर भरावा, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे काय? सरकारला प्रजेकडून घ्यावयाचे असते तेव्हा कायद्याची भाषा निःसंदिग्ध असते.

मेंदूत गाठ झालेल्या गरीब मुलाची वाट कशी बंद होते ते पाहावे. मुलाला झटके येतात, एक हात लुळा पडतो. या देशात मेंदूतील डागाचे एक प्रमुख कारण क्षय असल्याने बहुतेकदा क्षयाची औषधे सुरू होतात, आणि ते चुकीचेही नसते. सोबत सूज उतरविण्यासाठी स्टेरॉइड दिले जाते. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठही काही काळ आकसते. औषध लागू पडले असा समज होतो, आणि पुढे तुकडा तपासला तरी निदान हुकण्याचा संभव वाढतो. मज्जारसातील विषाणूची तपासणी आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय मोठ्या शहरांतच असल्याने आईबापांना मजुरी बुडवून मुंबई-पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागतात. यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. हाती साधन नसलेल्या डॉक्टराला दोष देणे ही राज्यकर्त्यांची आवडती पळवाट आहे.

दुर्मीळ आजारावर खर्च केला तर अतिसार, कुपोषण यांसारख्या बहुसंख्यांच्या आजारांचे काय, असा प्रश्न साळसूदपणे विचारला जातो. हा प्रश्न विचारणारे त्या बहुसंख्यांसाठी तरी काय करतात, हे गावोगावच्या आरोग्य केंद्रांत जाऊन पाहावे. शिवाय येथे मागणी एकेका गाठीमागे कोट्यवधी ओतण्याची नाहीच. गाठ टाळणारी गोळी स्वस्त आहे. गाठीवरील प्रमुख औषध मेथोट्रेक्सेट जुने आहे, एकस्वमुक्त आहे. उणीव आहे ती त्याची मात्रा रक्तात मोजणाऱ्या प्रयोगशाळेची. जी प्रयोगशाळा या मुलासाठी उभी राहील तीच रक्ताच्या कर्करोगाच्या मुलालाही वाचवील.

दुसरे उत्तर दानशूरांचे असते. त्याचा भरवसा किती, हे २० जानेवारी २०२५ रोजी जगाला कळले. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या एका सहीने परदेशी मदत गोठली आणि २००३ पासून चाललेल्या अमेरिकी एड्स कार्यक्रमावर विसंबलेल्या आफ्रिकेतील अनेक दवाखान्यांची दारे बंद झाली. जीवरक्षक औषधांपुरती सवलत मागाहून जाहीर झाली. दक्षिण आफ्रिका आपली बहुतेक औषधे स्वतःच्या अंदाजपत्रकातून घेत असल्याने तेथे निदान गोळ्यांचा साठा तरी एका सहीने आटला नाही. हक्क आणि भीक यांतला फरक इतका रोकडा असतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. कायद्यातील 'शक्य तोवर' हे शब्द काढून टाका. मुलांच्या औषधांचा किमान सहा महिन्यांचा साठा प्रत्येक राज्यात ठेवा आणि पुरवठादारांची बिले वेळेवर चुकती करा. सार्वजनिक औषध कारखान्यांना मुलांच्या मात्रेची औषधे बनविण्याचे काम द्या. नफा नाही म्हणून खासगी उद्योग जे करणार नाही, ते करण्यासाठीच हे कारखाने काढले होते. विभागवार शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मज्जारसाची तपासणी व मेंदूशल्यक्रियेची सोय करा. २००५ च्या दुरुस्तीने औषधी पदार्थावरील एकस्व परत आणले आहे. नव्या पेशीजन्य उपचारांवर उद्या तेच कुंपण पडेल. सक्तीच्या परवान्याची तरतूद कायद्यात आहे आणि ती आजवर अवघी एकदा, २०१२ साली, वापरली गेली. ती गंजू देऊ नका.

एपस्टाईन-बार विषाणू श्रीमंत-गरीब असा भेद करीत नाही. तो दोघांच्याही देहात निमूट बसून राहतो. भेद करते ती व्यवस्था. आजार दुर्मीळ आहे म्हणून मुलाला वाऱ्यावर सोडणाऱ्या सरकारला एवढेच विचारले पाहिजे की ज्या आईचे मूल गेले तिच्या घरी मुले किती होती, याची नोंद त्याच्या कोणत्या तक्त्यात आहे?